आल्मेडा बाईंची हरकत

सेवरीना आल्मेडा यांना लहानपणापासून चढ्या आवाजाची भीती होती. कुणी आवाज वाढवला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, तळहात ओले व्हायचे आणि जे बोलायचं असेल ते घशातच राहायचं. वेंगुर्ल्यात त्यांचे वडील मॅक्सवेल काजूच्या एका कारखान्यात मुकादम होते. सेवरीना सातवीत असताना कुणीतरी मालकाच्या कानाला लागलं आणि एका दुपारी वडिलांना घरी पाठवण्यात आलं. काय चुकलं ते त्यांना सांगितलं नाही, कुणी चुगली केली तेही नाही. त्यानंतर ते चुलतभावाच्या आंबा-कलमांची राखण करत राहिले, पण कारखान्यावरून जाणारा रस्ता त्यांनी कायमचा सोडला. छोट्या सेवरीनाने काही विचारलं की आई म्हणायची, "तू मधी बोला नको गो. गप रव."

ती गप राहायला शिकली. सावंतवाडीला कॉलेजात गेली, इतिहास घेतला, आणि तिथे एका पावसाळी सकाळी सरांनी ज्ञानोदयाचं प्रकरण सुरू केलं. अठराव्या शतकात युरोपातल्या काही माणसांनी राजाला, धर्मपीठाला आणि न्यायासनाला साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली, असं सर सांगत होते. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला? या माणसाला शिक्षा केलीत, पण त्याचं म्हणणं ऐकलंत का? वर्ग पेंगत होता. सेवरीनाला मात्र पडवीत बसलेले वडील दिसले. आपल्या घरात जे घडलं त्याला नाव आहे, आणि त्यावर दूरच्या देशात दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं शिणवलं आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे वेंगुर्ल्याहून आत, आडवणखोल नावाच्या गावातल्या विद्यालयात त्या लागल्या. लग्न झालं. नवरा रोनाल्ड बोटीवर होता, तो नऊ वर्षांपूर्वी वारला. मूल नव्हतं. अकरावी-बारावीच्या कला शाखेला इतिहास शिकवत बाईंनी एकोणतीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एकाही सभेत त्यांनी तोंड उघडलं नाही. निवृत्तीला पाच महिने उरले होते. पेन्शनचे कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते आणि त्या कागदांची काळजी त्यांना इतकी होती की ऑफिसच्या दारावरून जाताना त्या चपलांचा आवाजसुद्धा होऊ देत नसत.

त्या जानेवारीत बारावीच्या सराव परीक्षेत अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका फुटली. पेपर सोमवारी अकराला होता आणि सकाळी साडेआठलाच तिच्या पहिल्या पानाचा फोटो मुलांच्या मोबाइलवर फिरत होता. बुधवारी सत्यवान शिपायाला मुख्याध्यापकांनी घरी बसवलं. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची चावी त्याच्याकडे असायची, आणि त्याच्याविरुद्ध पत्र आलं आहे एवढंच स्टाफरूममध्ये कळलं. सत्यवान बावीस वर्षं शाळेची घंटा देत होता. जाताना त्याने बाईंना जिन्याशी गाठलं.

"बाई, मिया काय करूक नाय. चावी माझ्याकडे होती, पण कपाटाक मिया हातय लावूक नाय."

"सरांना सांगितलंत का?"

"कोण इचारल्यान माका? घराक जा म्हणान सांगितल्यानी."

बाईंनी मान हलवली आणि वर्गावर गेल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

योगायोग असा की गुरुवारी वर्गात उजळणीला तेच प्रकरण होतं. बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. या विचारवंतांची नावं त्या आधी सांगतच नसत. नावं लांबलचक, मुलं उच्चारालाच घाबरतात. नावं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करा, म्हणायच्या, आधी माणूस समजून घ्या. त्यामुळे मुलांच्या वहीत 'द्राक्षमळेवाला न्यायाधीश' असायचा, 'घड्याळजीचा मुलगा' असायचा, 'मिलानचा लाजाळू' असायचा.

"हा द्राक्षमळेवाला स्वतः न्यायासनावर बसलेला माणूस," त्या सांगत होत्या. "त्याने पाहिलं की राजाच नियम करतो, राजाच तो चालवतो आणि राजाच निवाडा देतो. तो म्हणाला, ही तिन्ही कामं एकाच्या हातात आली की प्रजेच्या हातात काही उरत नाही. राजा वाईट असायलाच हवा असं नाही. चांगल्या राजाच्या हातातसुद्धा तिन्ही देऊ नयेत. आज आपल्याकडे कायदा करणारे वेगळे, सरकार चालवणारे वेगळे आणि न्यायाधीश वेगळे, त्याचं मूळ या विचारात आहे."

मग त्यांनी मिलानच्या लाजाळू तरुणाचं सांगितलं. तो सव्वीस वर्षांचा होता, चारचौघांत बोलायला कचरायचा. त्याने लिहिलं की निनावी आरोपावरून कुणाला धरू नये, छळ करून कबुली घेऊ नये, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मापाची असावी. जबर शिक्षेने माणूस सुधारत नाही. शिक्षा लहान असली तरी चालेल, पण ती सगळ्यांना सारखी आणि हमखास व्हावी.

मागच्या बाकावरून तन्वी उठली. काजू-कलमांच्या बागायतदाराची ही मुलगी कमी बोलायची.

"मॅडम, मग सत्यवानकाकांचं काय? तक्रार सरांकडे, चौकशी सरांकडे, आणि घरी पण सरांनीच बसवलं."

दुसऱ्या बाकावर बाईंची भाची डेलिशा बसली होती. बाईंचा भाऊ डायलन आणि वहिनी स्टेला कुवेतला होते, म्हणून बारावीसाठी मुलगी आत्याकडे राहिली होती. ती वहीत खाली मान घालून काहीतरी गिरवत होती.

"तो शाळेचा अंतर्गत विषय आहे," बाई म्हणाल्या. "पुढचा मुद्दा लिहून घ्या."

तन्वी बसली. पण तास संपेपर्यंत बाईंचा खडू दोनदा हातातून पडला.

शुक्रवारी मुख्याध्यापक दत्तप्रसाद सरांनी त्यांना बोलावलं. त्रिसदस्यीय समिती नेमली होती. अध्यक्ष मुख्याध्यापक स्वतः, संस्थेच्या वतीने चेअरमन भाई, आणि शिक्षकांच्या वतीने आल्मेडा मॅडम. शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक. का आपल्यालाच, हे बाईंना विचारावं लागलं नाही. आल्मेडा मॅडम सही करतात, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

त्या संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. सर, त्याचं म्हणणं एकदा ऐकू या. एवढंच बोलायचं होतं. घर येईपर्यंत ते वाक्य त्यांनी तीस-चाळीस वेळा घोळवलं आणि प्रत्येक वेळी दत्तप्रसाद सरांचा चढलेला आवाज ऐकला. घरी डेलिशा म्हणाली, "आंटी, जेवण नको माका." बाईंनाही नको होतं. दोघी समोरासमोर बसून राहिल्या, आणि पोर अभ्यासाने थकली असेल असं बाईंना वाटलं.

शनिवारी ऑफिसात तीन खुर्च्या, चहा आणि आधीच टाइप केलेला अहवाल होता. भाई सत्तरीचे, गावात मान असलेले, तब्येतीने थकलेले. त्यांना दुपारी कुडाळला जायचं होतं.

"वाचून दाखवतो," मुख्याध्यापक म्हणाले. "प्राप्त तक्रार व परिस्थितीजन्य पुरावा पाहता, शिपाई सत्यवान हे दोषी असल्याचे समितीचे एकमत झाले असून त्यांना सेवेतून कमी करण्याची शिफारस करण्यात येत आहे. भाई, इथे. मॅडम, इथे."

पेन बाईंच्या हातात आलं. जुळवलेलं वाक्य कुठे गेलं ते सापडेना.

"सर," त्या म्हणाल्या आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "एकमत कसं झालं? आपण तर आत्ता बसलो."

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तक्रार कुणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"निनावी आहे. पण मजकूर खरा वाटतो."

"सत्यवानला ती दाखवली?"

"मॅडम, ही शाळा आहे, हायकोर्ट नव्हे," सरांचा आवाज चढला. "बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलीय. पालक दारात उभे आहेत. गाव विचारतंय, कारवाई काय केली. मी काय सांगू त्यांना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हात टेबलाखाली घेतले. त्या क्षणी सही केली असती तर दोन मिनिटांत त्या बसस्टॉपवर असत्या. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की मी धीट झाले वगैरे काही नाही, पण एकदा तोंडातून शब्द गेल्यावर मागे कसं फिरायचं तेच मला कळेना.

"माझी हरकत लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि निदान पुरावा तरी मला बघू द्या."

भाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाखवा हो त्यांना. बघू देत."

फाइलमधून एक कागद निघाला. मोबाइलवर फिरलेल्या फोटोची ती मोठी करून छापलेली प्रत होती. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्या प्रश्नात 'मागणीचा निमय स्पष्ट करा' असं छापलं होतं. नियमचा निमय. सगळ्या प्रश्नपत्रिकांची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, बाईच तपासत. हे मुद्रित डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी घरी नेलं होतं आणि हीच चूक लाल पेनने दुरुस्त करून परत दिली होती. परीक्षेच्या दिवशी मुलांना मिळालेल्या छापील पेपरात 'नियम' बरोबर होता. म्हणजे हा फोटो कपाटातल्या पेपराचा नव्हताच. लाल खूण होण्याआधीच्या मुद्रिताचा होता. आणि ते मुद्रित एका रात्रीपुरतं एकाच घरात होतं. कागदाच्या डाव्या कडेला बोटभर हिरवं रेक्झिन दिसत होतं, त्यावर पिवळ्या लिंबांचं चित्र. ते त्यांनी स्वतः वेंगुर्ल्याच्या बाजारातून जेवणाच्या टेबलासाठी आणलं होतं.

"काय झालं, मॅडम?" भाईंनी विचारलं. "बरं वाटत नाही का?"

"मला सोमवारपर्यंत वेळ द्या," बाई कशाबशा म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा डेलिशा मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. बाईंनी तिला आत बोलावलं, टेबलाशी बसवलं आणि लिंबांवर हात ठेवला.

"फोटो हंयच काढलंस?"

मुलीने नाकारलं नाही. जणू कुणीतरी विचारावं म्हणूनच ती सोमवारपासून थांबली होती. मैत्रीण शर्मिला अर्थशास्त्रात नापास होणार म्हणून रडत होती. तिच्या घरी तिचं लग्न ठरवायला बसले होते. डेलिशाने तिला एकटीला पान पाठवलं, बजावून पाठवलं. शर्मिलाने पेपराच्या आदल्या रात्री ते आणखी एकीला पाठवलं.

"माका वाटला नाय गो आंटी, ता इतक्यांक जातला," डेलिशा रडत म्हणाली. "आणि सत्यवानकाकांक घराक पाठवतले ता माका काय म्हायत? मगे सांगूक माका भय वाटला."

"भय वाटला म्हणान तेका जाऊक दिलंस?"

हे बोलताना बाईंना जिन्याशी उभा सत्यवान आठवला. मुलीला विचारलेला प्रश्न त्यांनाही लागू होता.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर कुवेतहून फोन आला. डेलिशाने आईला सांगितलं होतं. स्टेला आधी रडली, मग समजुतीच्या सुरात बोलू लागली. मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. शाळेच्या दाखल्यावर शेरा पडला तर कोण घेणार? तुमची पेन्शन अडकेल. आपण मोजकी ख्रिस्ती घरं, गावात उगाच चर्चा कशाला?

"तो शिपाई आसा, सेवरीना. तेका दुसरी नोकरी गावतली. आमच्या चेडवाक दुसरा नाव गावाचा नाय."

मुलीचं नाव एकदा गेलं की गेलं, एवढं ऐकून बाईंनी फोन ठेवला. वाईट गोष्ट अशी की स्टेलाचा एकही मुद्दा खोटा नव्हता. दिवसभर त्या घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. गॅस बंद केला का ते चार वेळा पाहिलं. मधेच उठून आपली टिपणांची जुनी वही उघडत. तिच्यात एका कापडव्यापाऱ्याची हकिकत होती, ती त्या दरवर्षी शिकवायच्या. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एका शहरातला हा माणूस. त्याचा मुलगा घरात मेलेला सापडला, आवई उठली की बापानेच मारलं, कारण घराचा पंथ वेगळा होता आणि मुलगा तो सोडणार होता म्हणे. न्यायाधीशांनी आवई खरी धरली आणि म्हाताऱ्याला हाल करून ठार केलं. मग दूर राहणारा एक सत्तरीकडे झुकलेला लेखक पेटून उठला आणि तीन वर्षं पत्रांमागून पत्रं लिहून त्याने तो निकाल फिरवून घेतला. एका वर्षी एका मुलाने विचारलं होतं, मेलेल्याला निर्दोष ठरवून काय मिळालं? तेव्हा बाईंनी काहीतरी उत्तर दिलं होतं. आता त्यांना वाटलं, सत्यवान जिवंत आहे, चार मैलांवर आहे, आणि तीन वर्षं लागणार नाहीत. एक सकाळ पुरेल.

संध्याकाळी त्यांनी डेलिशाला सांगितलं, "उद्या मिया सांगतलंय. तू येतलंस तर बरा. येऊक नाय तरी मिया सांगतलंय."

सोमवारी सकाळी डेलिशा खोलीतून बाहेर आली नाही. बाई एकट्याच एसटीत चढल्या.

ऑफिसात त्यांनी उभ्यानेच सांगितलं. निमय आणि नियम, मुद्रित, रेक्झिन, सगळं. "फोटो माझ्या घरात निघाला. मुद्रित उघडं टाकलं ही माझी चूक. फोटो माझ्या भाचीने काढला. सत्यवानचा काहीही संबंध नाही."

मुख्याध्यापकांनी कोरा कागद ओढला. "ठीक. मग त्या मुलीचं नाव शाळेतून कमी करावं लागेल. आजच. आणि तुमच्यावर..."

"थांबा, सर," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी हात टेबलावरच ठेवले. "तिचंही ऐकून घ्यायला हवं. शिक्षा द्या, पण चूक जेवढी, तेवढ्याच मापाची."

भाई कोरडं हसले. "परवापर्यंत शिपायासाठी भांडत होता, आज घरच्या मुलीसाठी. मॅडम, हे बरं दिसतं का?"

"नाही दिसत, भाई. म्हणून मी या समितीतून बाहेर पडते. माझ्या घरच्या माणसाचा निवाडा मी करू शकत नाही. आणि सर, तक्रार तुमच्याकडे आली, घरी तुम्ही बसवलंत, अहवालही तुम्हीच लिहिलात. तुम्हीही बाहेर राहा. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण तिन्ही कामं एकाने करू नयेत."

मुख्याध्यापकांचा चेहरा लाल झाला. आवाज चढला, बराच चढला, बाहेर व्हरांड्यात मुलं थबकली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत बाईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या, ऐकत राहिल्या. सर थांबल्यावर भाई खुर्चीतून सावकाश उठले आणि म्हणाले, "दत्तप्रसाद, बाई म्हणतात तसं करा. उद्या हे शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं तर कागदावर आपली बाजू दिसायला हवी."

तत्त्व पटलं म्हणून नव्हे, अडचण नको म्हणून ते बोलले. पण काम झालं. संस्थेच्या दुसऱ्या शाळेतल्या वयस्क मुख्याध्यापिका, एक पालक आणि एक निवृत्त शिक्षक अशी नवी समिती बसली. डेलिशाला बोलावलं तेव्हा ती गेली, शर्मिलाही गेली. दोघींनी सगळं सांगितलं. अर्थशास्त्राची परीक्षा सगळ्यांची पुन्हा घेतली गेली. दोघी मुलींना लेखी ताकीद मिळाली, वार्षिक बक्षिसं रद्द झाली, दाखल्यावर शेरा पडला नाही. आल्मेडा बाईंना परीक्षेच्या कामातून काढलं आणि तसं पत्र त्यांच्या सेवापुस्तकाला जोडलं. आयुष्यात मिळालेलं ते पहिलं ठपक्याचं पत्र. बाईंनी त्याची पोच सही करून दिली. निनावी तक्रार कुणी लिहिली होती ते कधीच कळलं नाही.

सत्यवान आठ दिवसांनी कामावर आला. त्याची कुणी माफी मागितली नाही. बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठून हात जोडले, तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही केलास ता बरा केलास. पण आठ दिस माझी बायल बाजारात गेली नाय. पोराक शाळेत नको नको ता बोलले. ता कोण भरून देतलो?" तो घंटा द्यायला निघून गेला.

पेन्शनचे कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर सात आठवडे पडून राहिले. प्रत्येक दिवशी बाई ऑफिसवरून जाताना आत पाहायच्या आणि फाइल तिथेच दिसायची. विचारायचं धाडस त्यांना एकदाही झालं नाही. मार्चच्या शेवटी कागद सहीनिशी पुढे गेले. सरांनी मुद्दाम अडवले की नुसते विसरले, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी डेलिशा घरी येऊन म्हणाली, "आंटी, माका सत्यवानकाकांकडे जावचा आसा. तू येतलंस?"

दोघी सत्यवानच्या वाडीपर्यंत चालत गेल्या. साकवापाशी डेलिशा थांबली. "हंयच रव. मिया एकटीच जातंय."

बाई साकवाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली ओहोळात पाणी जेमतेम होतं. घराचं अंगण दिसत होतं, दार दिसत नव्हतं. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. आतून कुणाचाही आवाज येत नव्हता, आणि ते चांगलं की वाईट हे त्यांना ठरवता येईना. दोनदा त्या चार पावलं पुढे गेल्या आणि परत आल्या. शेवटी डेलिशा बाहेर आली. डोळे लाल होते.

"काय म्हणालो?"

"काय नाय. बसाक सांगितल्यान. काकी बोलली नाय माझ्याशी," डेलिशा म्हणाली. थोडं चालून गेल्यावर तिने पुढचं सांगितलं, "पण चाय तिनाच दिल्यान."